न निघालेला काटा



माणूस स्वतःविषयी बोलू लागला म्हणजे बहुधा आपल्या गुणांपासून आरंभ करितो. तार्सस नगरच्या पौलाने याच्या उलट केले. इ. स. ५० च्या सुमारास ग्रीस देशातील करिंथ शहरी त्याने ख्रिस्ती मंडळी स्थापिली व तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत तेथे दीड वर्ष काढिले. तो गेल्यावर दुसरे उपदेशक आले. ते आपल्या योग्यतेचा डांगोरा पिटणारे होते. मग करिंथकरांना आपला जुना गुरू फिका वाटू लागला. पत्रे मोठी वजनदार लिहितो, पण समोर उभा राहिला म्हणजे देह दुबळा आणि वाणी टाकाऊ, असे काहीजण बोलू लागले.

नव्या करारातील करिंथकरांस दुसरे पत्र वाचावे, त्यात याचे उत्तर आहे. इतर बढाई मारितात तर मीही मारितो, असे म्हणून पौल आपली यादी देतो. यादीत असते काय? फटके, तुरुंग, गलबत फुटणे, उपासमार आणि शेवटी दमास्कसच्या तटातील खिडकीतून पाटीत बसून केलेले पलायन! शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या वीराला रोमी लोक सोन्याचा मुकुट देत असत. हा गृहस्थ तटावरून खाली कसा उतरलो ते सांगतो.

पुढे तो आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख करितो. तो काटा म्हणजे रोग होता की आणखी काही, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. पौलाने त्याचे नाव सांगितले नाही हे मला बरे वाटते. प्रत्येकाला तेथे आपला काटा ठेवून पाहता येतो. तो निघावा म्हणून त्याने प्रभूला तीन वेळा विनविले. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, आणि दैवी सामर्थ्य दुबळेपणातच पूर्णत्वास जाते, एवढे आश्वासन मात्र त्याला मिळाले.

माझा काटा म्हणजे राग. मास्तरकीच्या दिवसांत एकदा मी फळ्यावर त्रैराशिकाचे उदाहरण सोडविले. मागच्या बाकावरील एक भित्रा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, उत्तर चुकले." मी त्याच्या हातावर दोन छड्या ओढिल्या. घरी येऊन हिशेब पाहिला, तो चूक माझीच! त्या रात्री प्रार्थनेस बसलो, पण शब्द फुटेना. राग जावा म्हणून मी वर्षानुवर्षे मागणे केले होते, आणि राग तेथेच होता. त्या रात्री प्रथमच दुसरे मागितले: कबूल करण्याचे धैर्य.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्या मुलाची क्षमा मागितली. शिस्त बिघडेल अशी भीती होती. प्रत्यक्षात झाले ते निराळेच. जी मुले कधी तोंड उघडीत नसत, ती न समजलेले विचारू लागली. मास्तर चुकतो आणि तसे म्हणतो, तर आपल्यालाही चुकण्यास हरकत नाही, असे त्यांस वाटले असावे. एरवी माझ्या अंगी नसलेले काही बळ त्या वर्गात आले. ते माझे नव्हते, असे मी मानितो.

रागाचे समर्थन मी करीत नाही. छड्या त्या मुलाच्या हातावर बसल्या, माझ्या नव्हे. तथापि दोष झाकण्यात जी शक्ती जाते, ती कबुलीनंतर मोकळी होते, हा माझा अनुभव आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मुळीच झाकिला नाही, आणि तरी ते पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर वाढलेलाच असतो.

पौलाचा काटा पुढे निघाला, असे कोठेही लिहिलेले नाही. माझाही नाही. आज येथे येण्यास निघताना चष्मा सापडेना म्हणून मी नातवावर ओरडलो. चष्मा माझ्या कपाळावर होता. नातू हे भाषण ऐकत असेल. बाळ, चूक माझी होती.