अथेन्समधली बारा सेकंदं

१० एप्रिल १८९६. अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकची शंभर मीटरची अंतिम शर्यत. रेषेवर पाच धावपटू. त्यांतला बोस्टनचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी टॉमस बर्क गुडघे वाकवून, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकवून बसला. उभ्यानेच धाव घेताना पाहायची सवय असलेल्या प्रेक्षकांना हे विचित्रच वाटलं असणार!

पण त्या बसण्यात पक्कं शास्त्र होतं. शरीर खाली, पुढे झुकलेलं, पाय दुमडलेले. इशारा होताच पाय जमिनीला मागे रेटतात आणि तो सगळा जोर धावपटूला पुढे फेकतो. उभ्याने सुरुवात केली, तर पहिल्या पावलांना तेवढा रेटा मिळत नाही. तेव्हा पायांना आधार देणारे ठोकळेही नव्हते. ते ऑलिम्पिकमध्ये आले थेट १९४८ साली, लंडनला.

बर्क बारा सेकंदांत पहिला आला. जर्मनीचा फ्रिट्झ होफमान दुसरा. प्राथमिक फेरीत बर्क ११.८ सेकंदांत धावला होता, म्हणजे अंतिम फेरीपेक्षाही वेगाने. चारशे मीटरही त्यानेच जिंकली. विजेत्याला तेव्हा सुवर्णपदक नसे. मिळे ते रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी. मला तरी त्या फांदीचंच अप्रूप अधिक वाटतं.

आज शंभर मीटरचा प्रत्येक नामवंत धावपटू इशाऱ्याची वाट पाहतो, तो तसाच, बोटं जमिनीला टेकवून.