युद्धकाळातील नभोवाणी आणि श्रोत्याचा विश्वास

१९४२ च्या मार्च महिन्यात सुभाषचंद्र बोस विमान अपघातात मरण पावल्याचे वृत्त जगभर पसरले. हिंदुस्थानातही ते खरे मानले गेले. महात्मा गांधींनी सुभाषबाबूंच्या मातोश्रींना सांत्वनाची तार पाठविली. प्रत्यक्षात सुभाषबाबू जर्मनीत सुखरूप होते, आणि आझाद हिंद रेडिओवरून त्यांनी स्वतःच्या आवाजात त्या वृत्ताचे खंडन केले. गांधीजींनी मग अभिनंदनाची दुसरी तार केली.

या प्रसंगी सत्य सांगणारा आवाज नाझी जर्मनीच्या प्रक्षेपकावरून आला, ही गोष्ट विसरता येत नाही. सुभाषबाबू हयात आहेत हे खरे. पण म्हणून बर्लिनहून येणारी प्रत्येक बातमी खरी ठरत नव्हती. गोबेल्सचे प्रचारखाते त्याच देशातून असत्य पसरवीत होते. हा विवेक श्रोत्याने करावा तरी कशाच्या आधारे? देशातील वृत्तपत्रांवर निर्बंध होते आणि ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या हाती होता. बी. बी. सी. च्या पूर्व विभागात जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात हिंदुस्थानसाठी युद्धवार्तांची समालोचने लिहीत. मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून प्रसारित होत नसे. आपल्या श्रमांतून काहीही निष्पन्न होत नाही, अशी खात्री झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. लेखक प्रामाणिक असला तरी संस्थेविषयीचा अविश्वास त्याला एकट्याने पुसता येत नाही, हेच त्यावरून दिसते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले. त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वारंवार बदलावी लागे. जमशेदपूरचा संप, चितगावावरील बॉम्बहल्ला, चिमूर व आष्टी येथील अत्याचार यांची वार्ता या केंद्राने दिली. हाही प्रचारच होता, आणि त्याचे चालक ते लपवीत नसत; परंतु जे इतरत्र दडपले जात होते ते तेथे ऐकू येई, आणि श्रोते त्याची वाट पाहत.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रसारणांचा आज उपलब्ध असलेला बराचसा मजकूर पोलिसांनीच रात्री ऐकून उतरवून घेतला होता.