नोकरी, ठेका आणि स्वतंत्र काम
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी झालेल्या कार्याचे गुणगान करण्याची प्रथा आहे. ते काम इतर वक्ते आमच्यापेक्षा चांगले करतील. आम्ही आपले लक्ष एका निराळ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला मुलगा आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडला, की त्याचे आईवडील विचारतात, "याने बोरगावच्या एखाद्या कारखान्यात महिन्याच्या पगारावर लागावे, की स्वतःची हत्यारे घेऊन बाहेरची कामे घ्यावीत?" हा प्रश्न घरोघरचा आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून दिले जाते. ते हिशेब करून दिले जावे, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे. पण मुलीसाठी स्थळ पाहावयास गेलो, की आपण पहिल्याने विचारतो, मुलगा पर्मनंट आहे काय? म्हणीवर आपला विश्वास आहे, पण मुलगी देण्याइतका नाही! यात हसण्यासारखे आहे, तसे शहाणपणही आहे. पर्मनंट या शब्दात नेमके काय मिळते आणि त्यासाठी काय द्यावे लागते, हे पाहिले पाहिजे.

आपल्या भागास हा प्रश्न नवा नाही. शेतीत माणूस तीन प्रकारांनी लावण्याची आपली जुनी रीत आहे. पाडव्याला साल ठरवून वर्षभर राहणारा तो सालदार. दिवस भरला की दाम घेणारा तो रोजंदार. आणि अमुक इतकी जमीन निंदून देतो, अमुक इतकी विहीर खणून देतो, असा एकदाच सौदा करणारा तो उक्ते काम घेणारा. सालदारास पाऊस पडो न पडो, साल मिळते. मात्र रात्री ओलिताला जा म्हटले की जावे लागते. उक्ते काम घेणारा आपल्या वेळेचा धनी असतो. मात्र खाली खडक लागला तर तोटा त्याचाच. आजचा नोकरदार हा सालदाराचा आणि स्वतंत्र कंत्राटदार हा उक्तेवाल्याचा वारस होय.

यातले मर्म आपल्या संत्र्याच्या बगिच्यात उत्तम दिसते. आंबिया किंवा मृग बहार झाडावर असतानाच काही शेतकरी बगिचा व्यापाऱ्यास उक्ता विकून टाकतात. पुढे गारपीट झाली, फळगळ झाली, भाव पडला, तर सौद्याप्रमाणे ते व्यापाऱ्याच्या कपाळी. म्हणूनच व्यापारी भाव कमी देतो. दुसरा शेतकरी फळ तोडीपर्यंत राखतो आणि स्वतः नागपूरच्या बाजारात नेतो. साधले तर जास्त पैसे, बिघडले तर सारे नुकसान त्याचे. पहिला भित्रा आणि दुसरा शूर, असे कोणी म्हणत नाही. एकाने धोका विकला, दुसऱ्याने जवळ ठेवला. नोकरी आणि स्वतंत्र काम यांतही हाच फरक आहे. नोकरदार आजारपण, अपघात व मंदी यांचा काही धोका मालकाकडे सोपवतो आणि त्याच्या बदल्यात कमी रकमेवर राजी होतो. स्वतंत्र काम करणारा तो धोका स्वतः वाहतो. त्यास त्याचे दाम मिळालेच पाहिजे. ते न मिळाले, तर त्याने धोका फुकट वाहिला.

आता ते दाम किती, हे पाहू. एका कारखान्यात मुलास महिना १५,००० रुपये वेतन आहे असे धरा. हे वेतन म्हणजे मालकाचा सारा खर्च नव्हे. भविष्यनिर्वाह निधीत मालक १२ टक्के भरतो, ते १,८०० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजना जेथे लागू आहे, तेथे ३.२५ टक्क्यांचे सुमारे ४८८ रुपये. बोनस किमान ८.३३ टक्के, त्याचे महिन्याला सुमारे १,२५० रुपये. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी, म्हणजे महिन्याला सुमारे ७२१ रुपये. आणि वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा, तिचे सुमारे ७५० रुपये. बेरीज ५,००९ रुपये होते. बोनसच्या हिशेबास मर्यादा आहेत, ग्रॅच्युइटीस सेवेच्या मुदतीची अट आहे. तथापि ढोबळ मानाने १५,००० चा नोकरदार हा २०,००० चा माणूस आहे.

आता तोच मुलगा स्वतंत्रपणे विजेची किंवा वेल्डिंगची कामे घेऊ लागला असे समजा. बाहेरचे काम महिन्याचे २६ दिवस सलग मिळत नाही. काही दिवस माल आणण्यात, काही दिवस थकलेले पैसे मागण्यात जातात. वीस दिवस काम मिळाले असे धरले, तर २०,००० रुपयांसाठी त्यास दिवसाला १,००० रुपये पडले पाहिजेत. आणि तेही हत्यारांची झीज, गाडीचे पेट्रोल व मदतनिसाची मजुरी वजा जाऊन. नोकरीतला रोज १५,००० भागिले २६, म्हणजे ५७७ रुपये. म्हणून ५७७ च्या जागी ८०० मिळतात असे पाहून जो मुलगा नोकरी सोडतो, तो नफ्यात नसून तोट्यात आहे. १,००० ही नुसती बरोबरी. नफा त्याच्या पुढे सुरू होतो.

मग स्वतंत्र काम करूच नये काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्याच्या हाताला कसब आहे आणि ज्याची गिऱ्हाइके एकापेक्षा अधिक आहेत, त्याची मिळकत पगाराच्या श्रेणीत अडकून पडत नाही. तो भावास, पुतण्यास हाताशी धरून शिकवू शकतो. साठाव्या वर्षी कोणी त्यास घरी बसवत नाही. शिवाय पर्मनंट नोकरीही अढळ नसते. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केली. सरकारी कायदे होण्याच्या कितीतरी आधी, १८८६ साली तेथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. अशी नावाजलेली गिरणीही या शतकाच्या आरंभी बंद पडली. तेव्हा एका मालकावर विसंबणे हाही एक धोकाच आहे. चार गिऱ्हाइके असणाऱ्याचे एक गेले तरी तीन उरतात.

येथवर दोन प्रकार झाले. पण आपल्या मुलांपैकी पुष्कळांच्या वाट्यास तिसराच प्रकार येतो, आणि खरी काळजी त्याचीच आहे. कागदावर कंत्राट आणि वागणुकीत चाकरी, असा तो प्रकार होय. वेळ मालकाची, हुकूम मालकाचा, हजेरी मालकाची, पण रजा मागितली की सांगतात, "तुम्ही आमचे नोकर नाही." सालदाराची बंधने आणि उक्तेवाल्याचा धोका, अशी दोन्ही ओझी एकाच पाठीवर येतात.

अशा वेळी नाव पाहावयाचे की वस्तुस्थिती, हा वाद आपल्याच टापूतील विडीच्या धंद्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९५८ सालचा निकाल सागरच्या विडी कारखान्यासंबंधी होता. तेथे सट्टेदार तंबाखू घेऊन जात, विड्या स्वतःच्या जागी वळत किंवा दुसऱ्याकडून वळवून घेत, आणि तयार माल आणून देत. न्यायालयाने ठरविले की हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत. पुढे १९६१ साली नागपूरच्या विडी कामगारांचा खटला आला. त्यांना मजुरी नगावर मिळे आणि येण्याजाण्याची मोकळीक होती. पण विड्या कारखान्यात बसूनच वळाव्या लागत, हजेरी मांडली जाई आणि प्रतीस न उतरलेला माल नाकारला जाई. न्यायालयाने त्यांना कामगार मानले आणि रजेच्या वेतनाचा त्यांचा हक्क मान्य केला. धंदा एकच, विडी तीच, पण निकाल दोन. कारण काम कसे करावयाचे यावर ताबा कोणाचा, हे दोन्ही ठिकाणी निराळे होते. करारावर काय नाव लिहिले आहे यापेक्षा रोज काय घडते याला महत्त्व आहे, हे प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवावे.

ठेकेदारामार्फत कारखान्यात लागणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. तो ठेकेदार नव्हे. ठेकेदाराचा नोकर आहे. त्यास मजुरी, निधी व विमा यांचा हक्क आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांतही ती राखली आहे. याच संहितांनी ठरावीक मुदतीच्या नोकरास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. म्हणून अशा मुलाने नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी आणि निधीचा यूएएन क्रमांक, या तीन गोष्टी पहिल्या महिन्यातच मागून घ्याव्यात, आणि निधीत पैसे खरोखर जमा होतात की नाही ते मोबाईलवर पाहत जावे.

"आज ठेक्यावर चिकटू, उद्या आपोआप कायम होऊ," या आशेवर मात्र संसार उभारू नये. ठेका पद्धती बंद केली म्हणून ठेक्याचे कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. सरकारी कचेरीत तात्पुरत्या नोकरीची वर्षे भरली एवढ्यावरून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे २००६ साली उमादेवी खटल्यात ठरले. त्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे राबवून घेऊ नये, असे त्याच न्यायालयाने २०२४ साली बजावले, हे खरे. पण तो दिलासाही दीर्घ लढ्यानंतरचा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतात, पण त्यांतली प्रत्येक खुर्ची कायम नसते. अर्ज करतानाच नेमणूक कोण करतो ते विचारावे.

भगिनींसाठी दोन शब्द. घरी बसून नगावर शिवण किंवा पॅकिंग करणे सोयीचे असते, यात शंका नाही. पण मशीन, दोरा, वीज आणि नाकारलेला नग यांचा खर्च मजुरीतून वजा करून पाहावा. कायद्याखाली येणाऱ्या नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांस २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून मिळते. नगाच्या कामात बाळंतपण म्हणजे मिळकत बंद. तसेच नागपूर, पुण्यास जाऊन मोबाईलवरच्या कंपन्यांचे डबे व पार्सले पोचविणारी आपली मुले "भागीदार" म्हणवितात. नव्या संहितेने त्यांना गिग कामगार म्हणून ओळख दिली आहे, आणि कंपन्यांनी त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी उलाढालीचा १ ते २ टक्के हिस्सा द्यावा असे म्हटले आहे. पण गाडी, पेट्रोल व अपघात यांचा भार अजून मुख्यतः त्यांच्याच माथी आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा. नवशिक्याने आरंभीची काही वर्षे चांगल्या कारखान्यात नोकरी करावी; तेथे कसब, शिस्त आणि ओळखी मिळतात. स्वतंत्र व्हावयाचे असेल तर हाताशी सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक आणि निदान तीन गिऱ्हाइके असावीत. काम, दर, आगाऊ रक्कम व पैसे देण्याची तारीख एका कागदावर लिहून सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून तर अवश्य घ्यावी, म्हणजे ओळख टिकते. कंपन्या बिलातून कापतात तो १ टक्का कर विवरणपत्र भरून हिशेबात मिळतो. तो सोडून देऊ नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देतो, जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण देतो. मालक नाही म्हणून निधी नाही, असे होऊ नये. दरमहा मिळकतीचा काही भाग स्वतःच बाजूस काढावा. थेंबे थेंबे तळे साचते, पण तळे आधी खणावे लागते.

शेवटी विश्वस्त मंडळास दोन विनंत्या. शिष्यवृत्ती देऊन आपण मुलास नोकरीच्या दारापर्यंत नेतो. ज्याला स्वतंत्र काम करावयाचे आहे, त्यास वेल्डिंग मशीन किंवा हत्यारे घेण्यासाठी बिनव्याजी परतफेडीची रक्कम देणारा एक लहानसा निधी या महोत्सवी वर्षात उघडावा. आणि महिन्यातून एक रविवार संस्थेच्या कार्यालयात एखादे जाणकार वकील व एखादे हिशेबनीस बसावेत, म्हणजे नेमणुकीचे पत्र किंवा ठेक्याचा कागद सही करण्यापूर्वी मुलांस दाखविता येईल. सही झाल्यावर दिलेला सल्ला बहुधा दुःखाचाच असतो.