गच्चीतला वानप्रस्थ

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘बागकाम आणि ज्येष्ठांचे आरोग्य’ हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी डॉक्टर नाही आणि वनस्पतिशास्त्रज्ञही नाही. कला शाखेची पदवी घेऊन पत्रकारितेत आयुष्य गेले. रोप कसे लावावे, हे या सभागृहातील अनेकजण मला शिकवू शकतील. त्यामुळे मी बोलणार आहे ते बागेइतकेच घराविषयी.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत वडीलधाऱ्यांसाठी एक वाक्य ठरून गेले आहे. “बाबा, आता तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा.” हे वाक्य मनापासूनच्या प्रेमातून येते. पण त्याचे पुढे काय होते? आधी दूध आणण्याचे काम जाते, मग वीजबिल भरण्याचे, मग भाजी निवडण्याचे. शेवटी देवपूजेची फुलेही पुडीतून दारात येतात. जो माणूस तीस-पस्तीस वर्षे घराचा कणा होता, त्याच्यावर आता घरातले काहीच अवलंबून नसते. शरीराचा तर नियमच आहे, की जे वापरले जात नाही ते झिजते. उतारवयात स्नायूंची ताकद तशीही कमी होत असते. बैठेपणाने ती अधिक वेगाने ओसरते. मग तोल जातो, पडण्याची भीती वाटू लागते आणि त्या भीतीने हालचाल आणखी कमी होते.

या संदर्भात एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी तो केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले, “खोली कशी मांडायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा.” त्यांना एकेक लहान रोपही देऊ केले; त्याची निगा त्यांनीच राखायची होती. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपे मिळाली, पण त्यांना सांगितले गेले, की पाणी परिचारिका घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पाहिले, तर पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक उत्साही, अधिक हिंडती-फिरती आणि मिळून-मिसळून राहणारी दिसली. दीड वर्षाने त्या मजल्यावर मृत्यूही कमी आढळले. मात्र गट लहान होते आणि ते गणित पुढे दुरुस्त करावे लागले, म्हणून त्यावर मी भर देत नाही. भर देतो तो एवढ्यावरच, की रोप दोन्ही मजल्यांवर होते. निर्णय आणि जबाबदारी मात्र एकाच मजल्यावर होती. आपली घरे यांपैकी कोणत्या मजल्यावर आहेत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

बागकामाचा औषधासारखा उपयोग करण्याचा विचार पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर बळावला. जायबंदी सैनिकांच्या रुग्णालयांत कुंड्या आणि वाफे आले. ब्रिटनमध्ये १९७८ पासून याच कामाला वाहिलेली ‘थ्राइव्ह’ ही संस्था आहे. ऑस्ट्रेलियातील डब्बो या गावी साठीपुढील सुमारे २,८०० स्त्री-पुरुषांची १६ वर्षे पाहणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, रोज बागकाम करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. बागकामानेच स्मृती टिकली, असे यावरून सिद्ध होत नाही. ज्याची स्मृती शाबूत आहे तोच बाग सांभाळू शकतो, असेही असू शकते. तरीही ही दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आता हाताचे पाहा. पक्षाघातानंतर फिजिओथेरपिस्ट रबरी चेंडू दाबायला देतात. व्यायाम उत्तमच असतो, पण आठ दिवसांत कंटाळा येतो, कारण चेंडू दाबून काही उगवत नाही! मेथीचे दाणे चिमटीने एकेक पेरणे हा बोटांचा व्यायाम आहे. खुरपीने माती मोकळी करताना मनगट चालते, अर्धी भरलेली झारी उचलताना खांदा चालतो आणि कुंडीकडून कुंडीकडे जाताना तोल सावरण्याची सवय होते. मेथी तीन-चार दिवसांत डोके वर काढते. धणे रगडून पेरले, तर आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. ही वाट पाहणे हेच मोठे औषध आहे. ज्याला उद्या सकाळी काही पाहायचे आहे, तो आज रात्री आशेने झोपतो.

आपल्या परंपरेने आयुष्याच्या उत्तरार्धाला ‘वानप्रस्थ’ असे नाव दिले. वनाकडे निघणे, असा त्याचा सरळ अर्थ. तेथे अधिकार सुटतो, पण काम सुटत नाही. आज सदनिकेत राहणाऱ्या माणसाला वनात जाता येत नाही. तेव्हा वनाचा एक तुकडा गच्चीत किंवा गॅलरीत आणावा. आपल्या अंगणातील तुळशीवृंदावन आठवा. आजीला वाकावे लागत नसे. उभ्यानेच पाणी घालायचे आणि प्रदक्षिणा घालायची. पाश्चात्त्य देशांत ज्येष्ठांसाठी मुद्दाम उंच वाफे बांधतात, ते याच उंचीचे असतात. वृंदावन उपचार म्हणून बांधले गेले, असा दावा मी करणार नाही. पण आपल्या घरात होते ते आपण काढून टाकले, हे मात्र खरे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी उकिडवे बसू नये. कुंड्या कमरेइतक्या उंच, भक्कम कट्ट्यावर ठेवाव्यात. खुरपीच्या मुठीला जुने कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे संधिवाताच्या बोटांना पकडता येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून झटकन उठू नये, चक्कर येते. काम सकाळच्या कोवळ्या उन्हात करावे, पाण्याची बाटली जवळ असावी, फरशी ओली ठेवू नये. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर बागेबरोबर डेंग्यूचे डासही वाढतील. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील, तर कण्हेर आणि धोतरा ही विषारी झाडे मुळीच नकोत. त्यांच्यासाठी तुळस, गवती चहा, पुदिना, मोगरा लावावा. नाव विसरलेल्या माणसालाही कधीकधी वास ओळखीचा वाटतो.

जागा आणि वजनाची अडचण अनेकजण सांगतात. कोल्हापूरचे कै. श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा यांवर भाजी पिकवण्याचा मार्ग दाखवला. त्यात माती फारच थोडी लागते, म्हणून गच्चीवर बोजा कमी पडतो. गळतीची व्यवस्था मात्र आधी पाहावी, म्हणजे सोसायटीच्या सभेत वादळ होणार नाही!

ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांचे काय? १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. म्हणून एक कुंडी त्यांच्या खिडकीत न्या. केव्हा पाणी घालायचे, हे त्यांनी सांगावे आणि नातवाने घालावे.

तरुण मित्रांनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. आईने लावलेल्या रोपाला तिच्या नकळत पाणी घालू नका. एखादे रोप वाळले तर वाळू द्या; ती दुसरे लावील. तिच्या हाताने लावलेल्या कोथिंबिरीच्या दोन काड्या आमटीत पडल्या, तर तसे ताटावर बसताना मोठ्याने सांगा. आणि कार्यकर्त्यांना सांगणे असे, की आपल्या वस्तीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करा, प्रत्येकाच्या दारी एक कुंडी आणि मूठभर मेथी घेऊन जा. आठ दिवसांनी पुन्हा जा, ते रोप पाहण्याच्या निमित्ताने. त्यांना रोपाची जितकी गरज आहे, तितकीच त्या दुसऱ्या भेटीचीही आहे.