धीर आणि सोबत



१ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र आणून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याची विक्री आजही मुख्यतः प्रतिनिधींच्या बळावर चालते आणि प्रतिनिधींना घडवतो तो विकास अधिकारी. त्याची खरी परीक्षा मार्च महिन्यात असते. उद्दिष्ट अपुरे, वरून सतत विचारणा. अशा वेळी तोच ताण हाताखालच्यांवर ढकलणे सोपे असते. परंतु घाईने गळ्यात मारलेली पॉलिसी पुष्कळदा दुसऱ्याच वर्षी बंद पडते. ग्राहकाचे संरक्षण जाते, प्रतिनिधीचे पुढील कमिशन बुडते आणि त्या घराचे दार कायमचे मिटते.

म्हणून जाणता अधिकारी ‘किती झाले?’ याआधी ‘कुठे अडले?’ असे विचारतो. नवख्या प्रतिनिधीबरोबर तो ग्राहकाच्या घरी जातो, पण संभाषण स्वतःच्या हाती घेत नाही. नवखा अडखळला तरी तो थांबतो. मोबाइल खिशात आणि लक्ष समोरच्या माणसाकडे. परतीच्या वाटेवर तो एकच चूक दाखवतो आणि एक गुण आवर्जून सांगतो.

धीर म्हणजे ढिलाई नव्हे. भेटींची वही तो रोज पाहतो. कारण भेट प्रतिनिधीच्या हाती असते, होकार नसतो.

फळ्यापाशी अडलेल्या मुलाला उत्तर न सांगता त्याच्याजवळ उभे राहणारे शिक्षक या शाळेने साठ वर्षे पाहिले आहेत. नेतृत्वाचा पहिला धडा तोच होय.