बालवाडी, पाटी आणि टॅब
(येडशी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



रामलिंगाच्या सान्निध्यात भरलेल्या या मेळाव्यापुढे एक प्रश्न विचारार्थ आला आहे. येथील बालवाडीस शिक्षणनिधीतून टॅब घेऊन द्यावेत की नाही? हा निधी आपल्या कुटुंबांनी पोटास चिमटा घेऊन जमविलेला आहे, म्हणून आम्ही या विषयी थोडे सविस्तर बोलणार आहोत.

वस्तू नवी आहे एवढ्यावरून नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, त्यात पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड देण्याच्या कार्याचा मोठा वाटा होता. टांझानिया देशात सुमारे १७० खेड्यांतील जवळजवळ तीन हजार मुलांना पंधरा महिने टॅब दिले गेले. आरंभी त्यांतील बहुतेकांना स्वाहिलीतील एक शब्दही वाचता येत नव्हता. त्यांची वाचनात प्रगती झाल्याचे २०१९ साली जाहीर झाले. मात्र ती मुले बहुतांशी शाळेचे तोंड न पाहिलेली होती. आपल्या बालवाडीत बाई आहेत, हा भेद लहान नव्हे.

आता मराठीचे पाहा. बाजारात मिळणारे पुष्कळ अक्षरपाठ हिंदी वर्णमालेवर बेतलेले असतात. त्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. ज्या मुलाने ‘क कमळाचा’ म्हणत आरंभ करावयाचा, त्याला कमळातील शेवटचे अक्षरच भेटू नये! शासनाने २००९ साली मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरविले. टॅबवर दुसरेच वळण दिसले तर मूल भिंतीवरील तक्ता आणि काच यांच्यामध्ये गोंधळते. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मागाहून येतो. ते कोडे मुलाजवळ बसून उकलणारे माणूसच लागते. म्हणून पाठ विकत घेण्यापूर्वी बाईंनी तो स्वतः पाहावा, दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट हाताची. पाच वर्षांच्या, अद्याप वाचू न लागलेल्या मुलांवरील २०१२ च्या एका अभ्यासात असे आढळले की, अक्षर स्वहस्ते काढल्यावर मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जसे जागे होतात, तसे कळ दाबून वा नुसते गिरवून होत नाहीत. तेव्हा पाटी हद्दपार करण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे खडे, शिंपले, पाने यांवरच बालशिक्षण उभे केले, हे आपणांस ठाऊक आहेच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची दिवसाची मर्यादा एक तासच सांगितली आहे, तीही कमाल. घरी मोबाईलवर तो तास केव्हाच संपलेला असतो, हे मातांनी मनाशी ताडून पाहावे.

तथापि आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले महिनोन्‌महिने बालवाडीस अंतरतात. तेथे ना बाई, ना तक्ता. इंटरनेटवाचून चालणारा, मराठी गोष्टी ऐकविणारा टॅब आमच्या मते त्यांच्याच उपयोगाचा. आणि तो त्यांना देताना जातीची विचारणा होऊ नये.

म्हणून आमची सूचना अशी की, आरंभी चारच टॅब घ्यावेत, ते हंगामात तोडीस जाणाऱ्या मुलांबरोबर द्यावेत, आणि उरलेल्या रकमेतून बालवाडीस पाट्या, चित्रांची पुस्तके आणि बाईंच्या मदतीस एक ताई यांची सोय करावी. या सूचनेवर सभेने आजच मत द्यावे, अशी विनंती आहे.