गाडी एकाची, कर्ज कोणाचें?

गेल्या वर्षीं माझी भाची मोटार घ्यावयास निघाली. पैशांची सोय तिनें आपल्या नेहमींच्या बँकेंतून आधींच केली होती. विक्रेत्याच्या माणसानें गाडी दाखविली, चहा दिला आणि मग हळूच सांगितलें कीं, कर्ज आमच्या ओळखीच्या पेढीकडून घेतलेंत तर गाडी दहा दिवसांत मिळेल. बाहेरचें आणलेंत तर तीन महिने लागतील. "गाडी तीच ना?" असें तिनें विचारलें, तेव्हां तो नुसता हंसला. हें ऐकून मला अमेरिकेंतील एका जुन्या खटल्याची आठवण झाली. आज त्याविषयींच बोलावयाचें योजिलें आहे.

गाड्या करणाऱ्या कारखान्यानें सावकारीचें दुकान कां मांडावें? कारण साधें होतें. कारखाना बारा महिने चालावयाचा, पण गिऱ्हाइकांची गर्दी व्हावयाची ती वसंत ऋतूंत. मधल्या काळांतल्या गाड्या विक्रेत्यानें रोख पैसे मोजून दुकानांत ठेवावयाच्या. आणि त्या काळच्या बँका मोटारीला चैनीची वस्तु समजून तिच्यावर कर्ज देण्यास कचरत असत. म्हणून जनरल मोटर्स कंपनीनें १९१९ सालीं आपली कर्जपेढी काढली. ती विक्रेत्याला माल भरण्यासाठीं पैसे देई आणि गिऱ्हाइकाला हप्त्यांनीं गाडी घेऊं देई. यांत गैर कांहींच नव्हतें. मध्यम स्थितींतील कितीतरी कुटुंबांच्या दारीं गाडी आली ती या सोयीमुळेंच.

वांकडें पाऊल पुढें पडलें. इतर पेढ्याही या धंद्यांत उतरल्या होत्या, आणि विक्रेत्यानें त्यांच्याकडे वळूं नये म्हणून त्याच्यावर दडपण येऊं लागलें. त्याचा करार अल्प मुदतीचा, आणि तो मोडणें कंपनीच्या हातीं. जो दुसऱ्या पेढीकडे जाई त्याला करार गमावण्याची धमकी मिळे, गाड्या वेळेवर मिळत नसत, त्याच्या वह्या तपासल्या जात. दुकान, कारागीर, हत्यारें यांत घातलेला त्याचा सारा पैसा त्या एका कंपनीच्या गाड्यांवर अवलंबून. तो गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानें सांगणार कीं, साहेब, पलीकडच्या पेढींतही विचारून पाहा? गिऱ्हाइकाचें स्वातंत्र्य कोणीं उघडपणें हिरावलें नव्हतें; तें त्याच्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच, विक्रेत्याच्या गल्ल्यापाशीं, संपलें होतें.

१९३८ च्या मे महिन्यांत इंडियाना राज्यांतील साउथ बेंड येथें जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तिघींवर १८९० च्या मक्तेदारीविरोधी शेर्मन कायद्याखालीं आरोप ठेवण्यांत आले. फोर्ड व क्रायस्लर यांनीं त्याच वर्षीं तडजोडीचा हुकूमनामा पत्करला. जनरल मोटर्स लढली. १९३९ मध्यें ज्यूरीनें दिलेला निकाल मोठा मौजेचा होता: कंपन्या दोषी, पण त्या चालविणारीं माणसें निर्दोष! मूळ कंपनी, तिची पेढी व दोन संलग्न संस्था अशा चौघींना प्रत्येकीं ५,००० डॉलर दंड झाला. कायद्याची कमाल मर्यादाच तेवढी होती. कंपनीच्या सातएक स्वस्त गाड्यांची ती किंमत. अपिलांत कंपनीचें म्हणणें पडलें कीं, आम्ही आणि आमची पेढी म्हणजे वस्तुतः एकच व्यापारी. १९४१ मध्यें न्यायालयानें तें फेटाळलें: फायद्यासाठीं वेगळें राहावयाचें आणि जाब देतांना एक व्हावयाचें, हें चालणार नाहीं. सरकारनें १९४० मध्यें लावलेला दिवाणी दावा मात्र १९५२ पर्यंत रेंगाळला. त्याच्या हुकूमनाम्यानें पेढी कंपनीकडेच राहिली, बळजबरीस तेवढी बंदी झाली. पुढें १९५६ च्या कायद्यानें विक्रेत्याला कारखान्याच्या बळजबरीविरुद्ध स्वतः दावा लावण्याचा मार्ग मिळाला.

पण निवड करावयाची तर दर कळावयास नको काय? याच पेढीची 'सहा टक्क्यां'ची योजना होती. १,००० डॉलर कर्जावर ६० डॉलर व्याज आधींच चढवून १,०६० डॉलरचे बारा हप्ते पाडावयाचे. दर महिन्यास मुद्दल घटत जाई, व्याज मात्र सबंध रकमेवर आकारलेलें. म्हणजे खरा दर पडे वर्षास सुमारें ११ टक्के! ही जाहिरात फसवी असल्याचा सरकारी व्यापार आयोगाचा निर्णय १९४० मध्यें न्यायालयानेंही कायम केला. खरा वार्षिक दर लिहून देण्याची सक्ती तेथें १९६८ च्या कायद्यानें आली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना तसा दर दाखविणारें पत्रक द्यावें लागतें. अमेरिकेंत आजही पेढीच्या मूळ दरावर आपली भर घालून विक्रेता गिऱ्हाइकास दर सांगूं शकतो. ती भर किती, हें गिऱ्हाइकास सहसा कळत नाहीं.

भाचीचें सांगावयाचें राहिलें. तिनें त्या माणसास एवढेंच म्हटलें कीं, तुमच्या पेढीचा वार्षिक दर आणि ही तीन महिन्यांची गोष्ट मला कागदावर लिहून द्या. कागद कांहीं मिळाला नाहीं. गाडी मात्र पंधराव्या दिवशीं आली, तिच्याच बँकेच्या कर्जावर.